वहिनीचं मनगट

आमच्या घरात हाडं बसवायचा गुण तीन पिढ्यांचा. आजा बसवायचा, बाप बसवायचा, मग मी. शाळा माझी दुसरीपर्यंत, तीही रडतखडत. पण कुणाचा मोडका हात धरला की कातडीखाली हाड कुठं सरकलंय ते बोटांना कळायचं. बांबूच्या कामट्या, तिळाचं तेल, लेप आणि जुन्या धोतराची पट्टी, एवढंच सामान. पैसा घ्यायचा नाही. घेतला तर गुण जातो, असं बाप सांगून गेलेला. काष्टीच्या बाजाराला आलेली माणसंसुद्धा वाट वाकडी करून आमच्या वाडीला यायची.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली ग्रामसेवकानं चावडीवर एक कागद वाचून दाखवला. सरकारी रजिस्टरात ज्याचं नाव नाही त्यानं इलाज करायचा नाही, केला तर खटला. कायदा खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. शेजारच्या गावात एका भोंदूनं सुई टोचून एका बाईचा दंड सडवला होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याच्या पंगतीला मला बसवलं, हे झोंबलं.

ग्रामसेवक चांगला माणूस. म्हणाला, "अर्ज करा. मी लिहून देतो, तुम्ही फक्त सही करा."

"सरकारला गरज आसंल तर सरकार यील माझ्या दारी. मी न्हाई जायचो."

त्याच दिवशी कामट्यांची जुडी माळ्यावर टाकली. येईल त्याला सांगायचो, "दवाखान्यात जा. माजं हात सरकारनं बांधल्यात."

वर्षभरानं वहिनी पडली. थोरल्या भावाची बायको. माझी आई लवकर गेली, हिनंच मला वाढवला. दुष्काळी कामावर खडीची पाटी घेऊन चालताना घसरली ती उजव्या हातावर. भाऊ तिला घेऊन थेट माझ्या ओट्यावर आला. मनगट सुजून वांग्यासारखं झालेलं. हाड कुठं निसटलंय ते मला लांबूनच दिसत होतं. घटकाभराचं काम.

"भाऊजी, बघा की जरा."

"कायदा हाय, वहिनी. तालुक्याला जावा."

भाऊ भडकला. "आरं, घरात कसला आलाय कायदा? फौजदार काय तुला धरून नेतोय व्हय?"

"नेला म्हंजी?"

खरं सांगतो, फौजदाराची भीती मला नव्हती. तालुक्याला यांची हेळसांड होणार, तोंड पाडून परत येणार, मग सगळ्या वाडीदेखत मी कामट्या खाली काढणार, म्हणजे कळेल कागद मोठा का माणूस, असा माझा हिशेब.

हेळसांड झालीच. डॉक्टर कुटुंबनियोजनाच्या शिबिराला गेलेले. कंपाउंडर म्हणाला, सोमवारी या. पण ती दोघं वाडीला परतलीच नाहीत, दवाखान्याच्या पडवीतच बसून राहिली. भाऊही माझ्याच बापाचा पोरगा. एकदा नाही म्हटलेल्या दारात तो पुन्हा कशाला येतोय? मी इकडं एस.टी.च्या वाटेकडं डोळे लावून बसलेलो. तिसऱ्या दिवशी प्लास्टर झालं.

प्लास्टर काढायच्या दिवशी मीही गेलो. मनगट एका अंगाला वाकलेलं, बोटांची मूठ होईना. डॉक्टर तरणा होता, हळहळला. "पहिल्याच दिवशी कुणी दोन कामट्या बांधून पाठवलं असतं तरी निभावलं असतं. तुमच्या गावात कुणी जाणतं नव्हतं का?"

भावानं माझ्याकडं बघितलं. वहिनीनं मान खाली घातली नि म्हणाली, "न्हाई डॉक्टरसाहेब. कुनी नव्हतं."

घरी आल्यावर मी कामट्या काढल्या, तेल कोमट केलं. जुनं जुळलेलं हाड पुन्हा मोडून सरळ बसवता येतं, माझ्या बापानं बसवलेलं मी बघितलंय. तसं तिला सांगितलं. चार दिवस सोसा म्हणालो. हात जोडले, जे मी कुणाला जोडत नाही.

ती डाव्या हातानं भाकरी थापायला बघत होती, भाकरी परातीत फाटत होती.

"तुमचं भांडान सरकारशी," ती म्हणाली. "त्यात माझा हात का घातला? आता ऱ्हाऊ द्या, भाऊजी. तुमच्या हातात न्हाई द्यायची मी तो."

पुढं वीस वर्षं जगली. मला जेवायला वाढलं, माझ्या पोरींची बाळंतपणं काढली. पण मनगट पदराआडच ठेवायची. मला एकदाही हात लावू दिला नाही.