पोलीस सूत्रांच्या म्हणण्यानुसार

ते प्रकरण मनातून गेलेलं नाही. नोकरीतल्या बाकीच्या गोष्टी मी चारचौघांत रंगवून सांगतो. ही आजवर एका माणसाखेरीज कुणाला सांगितली नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, निम्मा स्टाफ तेरखेड्याला फटाका कारखान्यांच्या तपासणीला गेलेला. एक बाई पुस्तक घेऊन आत आल्या. चेहरा ओळखीचा होता. सिनेमातल्या दोन गाण्यांनी त्यांचं नाव राज्यभर झालं होतं. आता माकणीकडं शेतात एकट्या राहत.

पुस्तक त्यांचंच चरित्र होतं, त्यांना न विचारता लिहिलेलं. त्यात म्हटलं होतं की, बाईंचा नवरा विहिरीत पडून गेला, तो अपघात होता का, याची पोलिसांनाही शंका होती.

“तवा पंचनामा तुमीच केलता, साहेब,” बाई म्हणाल्या. “पोरानं हे वाचलं अन् घर सोडलं. लातूरला ऱ्हातो, फोन उचलत न्हाय. मला माफी नगं, भरपाई नगं. हे ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, त्यानं माझ्या लेकराला एकदा खरं सांगावं.”

मला संताप आला. वीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या सुरुवातीला, ती अकस्मात मृत्यूची चौकशी मीच केली होती. विहिरीवरची मोटार चालू करताना नवऱ्याचा पाय घसरला. दोन साक्षीदार, शवविच्छेदन, सगळं जुळत होतं. बदनामी अदखलपात्र, पोलिसांना परस्पर तपास करता येत नाही. तरी बोलून गेलो, “बाई, नाव शोधून काढतोच.”

आठवड्यानं हवालदारानं खबर आणली की लेखक आपल्या जिल्ह्यातल्या वाशीला सत्कारासाठी आलेत. मी गाठलं. आवाज चढवताच त्यांनी पिशवीतून जुनं कात्रण काढलं. “साहेब, मी मनचं काही लिहीत नाही. तुमच्याच खात्याचं म्हणणं आहे.”

बातमीत होतं, ‘पोलीस सूत्रांच्या म्हणण्यानुसार’. खाली बातमीदाराचं नाव.

बातमीदार आता थकलेले, ओट्यावर ऊन खात बसलेले. मी दरडावून विचारलं, “सूत्र कोण?”

ते हसले. “खरंच आठवंना व्हय? आमी रोज अकराला ठाण्यावर चहाला यायचो. त्या दिवशी डायरीत काहीच न्हवतं. मी म्हणलं, साहेब, रिकाम्या हातानं धाडू नका. तुमी म्हणलात, ‘बाई टिपूस काढंना. काहीतरी पाणी मुरतंय.’”

मला आठवलं. कपाची तुटकी कडसुद्धा आठवली. नवीन वर्दी, माणसं ओळखतो असा तोरा, आणि समोर वही उघडून बसलेले दोघं-तिघं.

बाईंकडं गेलो. खरं सांगायलाच गेलो होतो. पण विचारलं भलतंच, “त्या दिवशी तुम्ही रडला नाहीत म्हणे.”

“पोरगं तापानं फणफणलं होतं,” त्या म्हणाल्या. “दोन दिस डोळा न्हवता लागला. नुकतंच मांडीवर झोपलं होतं. रडले असते तर उठलं असतं.”

मांडीवरचं पोर मी तेव्हा पाहिलं होतं. तरी म्हणालो, “नाव काही सापडलं नाही.”

“तुमी चौकशी तरी केलीत,” म्हणत त्यांनी चहा टाकला. तो मी प्यायलो.

दोन वर्षांनी बाई गेल्या. मुलगा सरणापुरता आला आणि परस्पर निघून गेला. पुढं मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. घरात बोलायला कुणी नाही. अकरा वाजता अजून चहा ठेवतो.

गेल्या महिन्यात लातूरला त्याच्या दुकानी गेलो. सगळं सांगितलं, काही राखलं नाही. तो काउंटर पुसत राहिला. मग म्हणाला, “ताप किती होता हो मला तवा?”

मला माहीत नव्हतं. विहिरीची खोली, दोराची लांबी, काठापासून चपलांचं अंतर, सगळं मी पंचनाम्यात लिहिलं होतं. त्या बाईला मात्र पोराचं काय झालंय एवढंही विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर चहावर सांगायला माझ्याकडं काही उरलं नसतं.

“विचारलं नव्हतं,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.