फिरमॅंच्या हातचं पातेलं

लेओकादीच्या घरी सून म्हणून आल्यावर रोझलीनला आठवड्याभरातच कळून चुकलं, की या घरात सासवा दोन आहेत. एक बोलणारी आणि दुसरी शेगडीवर बसणारी. दुसरी म्हणजे केशरी एनॅमल चढवलेलं बिडाचं पातेलं, अंगापिंडाने भक्कम आणि तितकंच जड. लेओकादीचा नवरा फिरमॅं गावच्या कारखान्यात ओतारी होता. वाळूच्या साच्यात त्याने ओतलेलं हे शेवटचं भांडं. त्यानंतर फुप्फुसांच्या दुखण्याने त्याने अंथरूण धरलं, ते सुटलंच नाही. या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली होती.

तशी पातेली गावात घरोघरी होती, पण इतकं सोवळं कुणीच पाळत नव्हतं. मोठ्या जाळावर ठेवायचं नाही, रिकामं तापवायचं नाही, आत लाकडी चमच्याशिवाय काही जाता कामा नये. जेवणं झाली की त्याला आपलं आपण निवू द्यायचं, मग कोमट पाणी आणि मऊ फडकं. काठावर एनॅमल नसतं, तिथे तेलाचं बोट फिरवायचं. आणि भरलेलं पातेलं उचलायचं ते फक्त लेओकादीने. मुलगा रेमी म्हणायचा, लहानपणी मला एवढ्या मायेने कुणी पुसलं नाही. लेओकादी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

तिचं कामही जगावेगळं होतं. त्याच कारखान्यात शेवटच्या टेबलाशी बसून ती भांडी ऐकायची. लाकडी हातोडीने एक टकोरा मारायची. धड भांडं घंटेसारखं घुमायचं. आत कुठे केसाएवढी चीर असली तर आवाज बसका यायचा, मग एनॅमल कितीही चकचकीत असो, लेओकादी त्यावर खडूने फुली मारायची आणि ते फुटून परत भट्टीत जायचं. एकदा डबा द्यायला गेलेल्या रोझलीनने हे पाहिलं होतं. यंत्रांच्या त्या खडखडाटात सासू डोळे मिटून बसली होती. साहेब एक भांडं हातात धरून विचारत होते, अहो, यात दिसतंय का तरी काही? लेओकादी म्हणाली, "दिसत नाही, ऐकू येतंय. उद्या रस्सा भरून हे कुणा बाईच्या हातात फुटलं, तर ती भाजणार, तुम्ही नाही." साहेबांनी भांडं खाली ठेवलं. रोझलीन थक्क झाली. आपल्या घरात ही बाई बटाटे सोलते यावर तिचा विश्वासच बसेना.

एक डिसेंबरला संत एलुआचा सण, लोहार-ओताऱ्यांचा. त्या दिवशी कारखाना बंद. फिरमॅंचे जुने सोबती दरवर्षी लेओकादीकडे सशाचं मटण आणि आलुबुखार जेवायला यायचे, त्याच पातेल्यातलं. यंदा सणाच्या सकाळी सासू आणि रेमी प्रार्थनेला गेले होते. रोझलीनच्या मनात आलं, आपण लोणी तरी तापवून ठेवावं, आई खूश होतील. पातेलं शेगडीवर चढवून ती शेजारी आलुबुखार आणायला गेली आणि बोलण्यात रमली. परतली तेव्हा स्वयंपाकघर धुराने भरलेलं आणि पातेल्याचा तळ कोळसा झालेला. घाबरून तिने बादलीतलं गार पाणी भसकन ओतलं. आतून बारीकसा टचकन आवाज झाला.

जीव मुठीत धरून तिने पातेलं घासलं, पुसलं, उन्हात फिरवून फिरवून पाहिलं. कुठेही रेघ नव्हती. देवा, आईंना कळू नये, एवढंच ती घोकत राहिली.

पाहुणे आले. लेओकादीने टोपी काढली, एप्रन बांधला, पातेलं शेगडीवर ठेवलं आणि त्याच्या काठावर लाकडी चमचा ठेवला. चमचा ठेवल्याचा तो काय आवाज, पण तिचा हात थांबला. तिने पातेलं टेबलावर आणून चमच्याच्या दांड्याने चहूबाजूंनी वाजवलं. आवाज बसका होता. टेबलाभोवती बसलेली ओताऱ्यांची आयुष्यं याच आवाजांत गेली होती. एकेकाची मान खाली गेली.

सगळ्यांत म्हातारा बाप्तिस्त म्हणाला, "राहू दे लेओकादी. भिंतीवर टांग. फिरमॅंची खूण आहे ती."

"टांगीन. मग मी गेल्यावर नातवंडं काढतील आणि त्यात सूप उकळतील."

ती पातेलं घेऊन अंगणात गेली. रोझलीन मागोमाग धावली. "आई, मी केलं ते. लोणी जळून गेलं आणि मी तापल्या पातेल्यात गार पाणी ओतलं."

"माहीत आहे. बाह्या ओल्या आहेत तुझ्या. हातोडा आण."

रोझलीनने रडत रडत हातोडा आणून दिला. लेओकादीने पातेल्यावरून एकदा तळवा फिरवला आणि एकच घाव घातला. दारात म्हातारे टोप्या काढून उभे होते. रोझलीनला सासूची भीती वाटत नव्हती आता, तिच्यापुढे गुडघे टेकावेसे वाटत होते. नवऱ्याच्या हातच्या भांड्यालाही या बाईने सूट दिली नव्हती.

लेओकादी खाली बसली. तुकडे चाळून तिने तळाचा एक उचलला आणि सुनेपुढे धरला. तुटलेल्या कडेवर चीर स्पष्ट दिसत होती, अर्धी लखलखीत, ताजी, आणि अर्धी काळीकुट्ट.

"हे चकाकतंय ना, ते आजचं. एवढंच तुझं," लेओकादी हळू आवाजात म्हणाली. "काळं आहे ते भट्टीतलं. हे कारखान्यात माझ्या टेबलावर आलं तेव्हाच मला ऐकू आलं होतं. फिरमॅं घरी खाटेवर होता, मला विचारायचा, निघालं का गं धड? मी फुली मारली नाही. घरी येऊन त्याला सांगितलं, घंटेसारखं घुमलं म्हणून."

एकवीस वर्षं मंद आच, कोमट पाणी, मऊ फडकं, आणि भरलेलं पातेलं दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही. सासू इतकी वर्षं एक फुटकं भांडं फुटू देत नव्हती.