रिकाम्या हाताचे टपालकाका

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, डोंबिवली पूर्वेला आमच्या नाक्यावर, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीसमोर, ज्यांनी ज्यांनी आजवर कचऱ्याची पिशवी भिरकावली, त्या सर्वांना एक गृहस्थ नावपत्त्यानिशी ओळखतात. हे गृहस्थ म्हणजे आमच्या मागच्या बिल्डिंगमधले टपालकाका.

काकांनी उभा जन्म कल्याणात पत्रं वाटली. निवृत्त झाले तरी बेवारस वस्तू दिसली की त्यांचा हात आपोआप पत्ता शोधू लागतो. नाक्यावर ‘कचरा टाकू नये’ असा फलक होता. लोक त्या फलकालाच पिशव्या अडकवत. काकांनी रबरी हातमोजे चढवले. पिशवीत लाइट बिल, कुरियरचं पाकीट, औषधाची चिठ्ठी, काहीतरी सापडतंच. मग इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी पुढे धरून, काका थेट मालकाच्या दारात. आवाज अगदी मऊ. ‘तुमचं हे चुकून नाक्यावर पोचलं होतं.’ एका साहेबांनी पिशवी आपली नव्हेच म्हणून सांगितलं, तर काकांनी पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचून पोच म्हणून त्यांची सही मागितली. एका घरी साखरपुडा चालू होता. तिथे तर काकांच्या हातातली पिशवी आहेर समजून कुणीतरी आदराने आत नेली.

खजील झालेला माणूस काय करणार? बसा काका, चहा घ्या म्हणतो. काका बसत. चांगले तासभर बसत. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाची मुलगी नोकरीला लागली, सगळं त्यांना ठाऊक. काकू जाऊन तीन वर्षं झालेली, लेक ठाण्याला, आणि रिकाम्या हाताने कुणाच्या दारात उभं राहणं काकांना जन्मात जमलेलं नव्हतं.

हळूहळू गल्लीला लाज वाटू लागली आणि नाका लख्ख झाला. काकांना शाल-श्रीफळ मिळालं. तेव्हापासून ते रोज सकाळी गिरणीसमोर उभे राहत, इकडेतिकडे पाहत आणि घरी परतत. दोन महिन्यांत त्यांनी कुणाचीही बेल वाजवली नाही.

शेवटी आम्ही नवराबायकोने गुन्हा करायचं ठरवलं. पिशवी भरली, वर आमचं लाइट बिल ठेवलं आणि मी ती भर सकाळी, लोकांच्या शिव्या खात, नाक्यावर ठेवून आलो. दहाला बेल वाजली. इस्त्रीचा शर्ट, पुढे धरलेली पिशवी. काका मात्र आत येईनात.

‘दुधाच्या पिशव्या धुऊन घडी घालणारं घर नाक्यावर कचरा टाकत नाही,’ ते म्हणाले. ‘हे काय आहे?’

मी दोनदा खाकरलो. तेवढ्यात चहाचं आधण ठेवायला गेलेली बायको हातात गाळणं घेऊन तशीच बाहेर आली आणि बोलून गेली,

‘मग काय करायचं काका? एरवी तुम्ही येता का आमच्याकडे?’