उभं ठेवलेलं गवत

गावात मला वेडी म्हणतात ते या दोन एकर कुरणापायी. मोताळ्याच्या रस्त्याला आमचं शेत आहे, त्याच्या टोकाशी बरड जमिनीवर हे कुरण. आमच्याकडची रीत अशी की दिवाळीनंतर गवत बुडापासून कापायचं, गंजी लावायची आणि होळी झाली की उरलेल्या खुंटांना काडी लावायची. राखेतून कोवळा फुटवा येतो, ढोरं खुश.

मीही तेच करत आले. उलट माझी सफाई जरा जास्तच. एका पावसाळ्यात मी स्वतः उभी राहून सगळा तरोटा, म्हणजे टाकळा, उपटवला, रुई तोडवली, पुढे गवत कापून होळीनंतर कुरण पेटवून दिलं. केवढी मिरवले होते मी! पुढच्या श्रावणात कुरण हिरवंगार झालं, पण पिवळी फुलपाखरं आलीच नाहीत. एरवी पायापाशी इतकी भिरभिरायची की कधी नीट पाहिलंही नव्हतं. मग शोधत गेले तेव्हा कळलं, ती अंडी घालतात तरोट्यावर, आणि दुसऱ्या कितीकांचे कोष गवताच्या बुडाशी असतात. त्यांची घरं मीच जाळली होती. स्वतःचा आलेला तो राग अजून गेलेला नाही.

तेव्हापासून कुरणाच्या तीन पट्ट्या केल्या. दरसाल दोन कापायच्या, एक उभी ठेवायची, आळीपाळीनं. काडी कुठेच लावायची नाही. तरोटा उगवला तर उगवू द्यायचा.

धाकट्या दिरांचं शेत लागूनच आहे आणि त्यांची ढोरंही इथेच चरतात.

"वहिनी, वाळलेलं गवत काऊन ठेवून राह्यल्या? लोक हासते."

"हासू द्या."

यंदा होळीनंतर ते आगपेटी घेऊनच आले. मी उभ्या पट्टीत शिरले आणि मधोमध फतकल मारून बसले. साडीतून कुसळं टोचत होती.

"वहिनी, उठा बरं! भलतंच काय करता?"

"मी काई उठत नाई. लावा काडी."

"लोक काय म्हनतीन मले?"

"वहिनीले जाळलं म्हनतीन. लावा न भाऊजी!"

ते लालबुंद झाले. आगपेटी खिशात कोंबून तणतणत निघून गेले. माझ्या गुडघ्याजवळून गवताच्याच रंगाचं एक तपकिरी फुलपाखरू उठलं आणि दोन हात अंतरावर पुन्हा बसलं. घरी येऊन कुसळं काढायला मला तासभर लागला.

दोन दिवसांनी दिरांनी आपल्या शेताचा धुरा, म्हणजे बांधावरचं गवत, पेटवला. मी धावतच गेले. पाहते तर माझ्या बाजूनं त्यांनी आधीच वखर फिरवून मातीचा रुंद पट्टा काढला होता, आग इकडे येऊ नये म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही आभार मानले नाहीत. पुढच्या होळीलाही मी तिथेच बसणार, हे त्यांना ठाऊक आहे.