गरज आणि गरजेपोटी

वर्ध्याहून निघताना धाकट्या बहिणीला सांगितलं, आठवड्याभरात परत येते, काम सोपं आहे. पनवेलच्या पुढे भेंडवली नावाचं साठएक घरांचं गाव आहे. एक संस्था तिथे ग्रामपंचायतीच्या जागेवर थोडी स्वस्तातली घरं बांधू म्हणते. त्याआधी कुणाला घराची गरज आहे हे दारोदार जाऊन लिहून आणायला हवं. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यापासून मी अशीच कामं करते. बहीण म्हणाली, "तुझी सगळी कामं सोपीच असतात. येताना सुकट आण."

गाडी सकाळी पनवेलला पोचली. डिसेंबरात आमच्याकडे ओठ फुटतात, इथे उतरल्या उतरल्या केस चिकट झाले. मुक्काम सुकापूरला भाचीकडे होता. सुकापूरला अजून गाव म्हणतात, पण मला तिथे नुसत्या इमारती दिसल्या. भाचीच्या गॅलरीतून समोरच्यांचे वाळत घातलेले टॉवेल मोजता आले असते. रस्त्यावर आले तर जागोजागी फलक लावलेले, "परवडणारी घरं". कुणाला परवडणारी, ते लिहिलेलं नव्हतं.

एसटी स्टँडपर्यंत नेणाऱ्या रिक्षावाल्याने माझ्या हातातली फाइल आणि मापाची टेप आरशातून पाहिली.

"फ्लॅट बघायला आलात का मॅडम? वन बीएचके पाहिजे तर माझा फ्रेंड आहे, रेट कमी करून देईल."

"नको, मी दुसऱ्यांसाठी बघतेय."

"मग टू बीएचके बघा ना," तो म्हणाला.

चिरनेरकडे जाणारी एसटी मिळाली. खिडकीतून बराच वेळ कर्नाळ्याचा सुळका दिसत राहिला. मग एका बाजूला भातकापणी झालेली शेतं आणि दुसऱ्या बाजूला एकावर एक रचलेले कंटेनर सुरू झाले. कंडक्टरने "भेंडवली फाटा" म्हटलं की नुसतंच "फाटा", ते ट्रेलरच्या आवाजात ऐकू आलं नाही आणि मी एक थांबा आधी उतरले. कुणीतरी खारीतून (भरतीचं पाणी अडवून केलेल्या शेतातून) जवळची वाट दाखवली. ती जवळची असेलही, पण माझी एक चप्पल चिखलात रुतली आणि ती काढताना मी बसलेच. गावात शिरले तेव्हा माझ्या मागच्या बाजूला खारीचा नकाशा उमटलेला होता.

अंगणवाडीच्या कांचनताई माझ्या सोबतीला होत्या. त्यांनी मला पाहून आधी पाणी दिलं, मग हसून घेतलं. चाळिशीच्या, चटपटीत बाई. त्यांच्याबरोबर पहिल्या घरी गेले ते बाळाराम यांच्या. वय साठीच्या आसपास. आधी मिठागरात काम केलेलं, आता एका कंटेनर यार्डाच्या गेटवर चौकीदारी. ओट्यावर बसलेले होते. मी नमस्कार केला आणि म्हणाले, "मी घरांची गरज मोजायला आले आहे."

त्यांनी माझ्याकडे, मग टेपकडे पाहिलं.

"आमचे घरान कोनालाच गरज नाय. लिवा."

"घरात राहतं कोण कोण?"

"आमी दोगं, आमचा पोरगा, भाऊ, भावाची बायको, तिच्या दोन पोरी. एक चूल, एक घर."

"आणि मागे ती पत्र्याची खोली दिसते ती?"

"ती लाकडा ठेवाची जागा हाय."

मी "लाकडे ठेवण्याची जागा" असं लिहीत होते तेवढ्यात त्या जागेतून कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. बाळारामांच्या पत्नी मथुराबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. बाळाराम शांतपणे म्हणाले, "चहा घेनार ना?"

दुपारपर्यंत दहा-बारा घरं झाली. कुणालाही गरज नव्हती. एका दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं राहत होती आणि त्यांनाही गरज नव्हती. गणितात मी कच्ची नाही, पण हे गणित मला जमेना. इतकं तृप्त गाव मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

जेवायला कांचनताईंकडे गेलो. तांदळाची पांढरीशुभ्र, हातावर थापलेली भाकरी आणि निवट्यांचं कालवण (निवटी हा खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा). त्याच चिखलात सकाळी मीही उडी मारलेली असल्यामुळे निवट्यांविषयी मला थोडी आपुलकी वाटली, पण ती पहिल्या घासापर्यंतच टिकली. कालवण इतकं चविष्ट होतं की मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तेव्हा कांचनताई म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू? तुमी 'गरज' बोलू नका. तो शब्द इथं वाईट हाय."

"गरज? त्यात वाईट काय?"

मग त्यांनी सांगितलं. नव्या शहरासाठी इकडच्या गावांच्या जमिनी गेल्या. माणसं वाढली, मुलांची लग्नं झाली, पण गावठाण (गावात घरं बांधायला ठरवून दिलेली जागा) होतं तेवढंच राहिलं. लोकांनी मागे, बाजूला, जमेल तिथे खोल्या काढल्या. परवानगी कुणाकडेच नव्हती. अशा खोल्यांना सरकारी कागदात "गरजेपोटी केलेली बांधकामं" म्हणतात. हातात वही आणि टेप घेऊन कुणी आलं की मागोमाग नोटीस येईल, अशी धास्ती असते.

"तुमी आल्या आल्या बोललात, गरज मोजायला आले. लोकांना वाटला, गरजेपोटीवाल्या खोल्या मोजायला आले. म्हणून सगळी लाकडा जाली."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःचा रागही आला. एवढी वर्षं प्रश्न विचारण्याचं काम करून एक शब्द बदलून पाहण्याचं सुचलं नव्हतं. सकाळचे सगळे कागद मी आडवी रेघ मारून रद्द केले.

दुसऱ्या दिवशी टेप भाचीकडेच ठेवली आणि प्रश्न बदलला. दारात बसायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं, "घरात कुणाचं अंथरूण कुठे पडतं?" यावर लोक भरभरून बोलले. सासरा ओट्यावर. धाकटा आणि त्याची बायको स्वयंपाकघरात, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. मुलगा रात्रपाळी करतो म्हणून त्याच्या गादीवर वडील, आणि तो दिवसा झोपतो तेव्हा वडील देवळात. एका म्हातारीने सांगितलं की ती दाराला पाय लावून झोपते, म्हणून तिच्याआधी कुणाला बाहेर जाता येत नाही. हे सांगताना तिला मोठी गंमत वाटत होती. मी कागदामागून कागद भरत गेले.

तिसऱ्या दिवशी त्या लाकडांच्या खोलीत मला आपणहून बोलावणं आलं. सुनंदा, बाळारामांच्या धाकट्या भावाची बायको. वय पस्तिशीचं. नवरा बंदरावर ट्रेलर चालवतो आणि आठ-दहा दिवसांनी घरी येतो. खोलीत गॅस, एक पलंग, भिंतीवर आरसा आणि मुलींच्या वह्यापुस्तकांची फळी. पत्रा इतका खाली होता की मला वाकून उभं राहावं लागलं.

"पावसालान पलंगाव पानी गलता," ती म्हणाली. "मोठी आता दहावीला हाय. मॅडम, माजा नाव बसंल का यादीन?"

नियम मी तिला सरळ सांगितले. स्वतःचं घर असेल तर नाव बसत नाही. आणि कुटुंब वेगळं नसेल, म्हणजे चूल वेगळी नसेल, तरीही बसत नाही.

तिने थोडा विचार केला. "खोली माजी बोलली तं घर हाय म्हनून नाव जाईल. दादांची बोलली तं मी दादांचे घरानली, एक चूल. तवा बी नाव जाईल. मग मी कुठली?"

याला एक उत्तर होतं, पण ते मी द्यायचं नव्हतं. खोली आपली आहे आणि भावजयीची चूल वेगळी आहे, या दोन्ही गोष्टी बाळारामांनीच सांगायला हव्या होत्या. निघताना मी त्यांच्याशी तेवढंच बोलले. ते यार्डावर जायला निघालेले होते. चप्पल घालता घालता थांबले.

"नोटिशीचा मी बघीन. पन चूल येगळी बोलाची म्हंजे भावाला येगळा काढला. आमचे बापाला मी शब्द दिलाय. माजे तोंडान नाय येनार."

त्यांना दोष द्यावा असं मला वाटलं नाही. सुनंदासाठी मात्र वाईट वाटलं, आणि पाहणीच्या कामात असं वाटून घेणं मला आवडत नाही. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी जरा चिडूनच बसले होते.

रविवारी सकाळी समाजमंदिरासमोर चावडीवाचन झालं. नावं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची आणि ज्याला हरकत असेल त्याने तिथेच सांगायची. सतरंजीवर बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मी वाचत गेले. बहुतेक नावांना माना हलल्या. सुनंदाचं नाव मी शेवटी ठेवलं होतं, आणि तिच्यापुढे कच्ची नोंद म्हणून पेन्सिलने लिहिलं होतं. नाव उच्चारलं तसा मागून आवाज आला, "तिची खोली हाय ना मागं? मग घर कसा नाय?"

सुनंदा खाली बघत होती. मी कागद खाली घेतला, कारण पुढे बोलायचं माझं काम नव्हतं.

बाळाराम उभे राहिले. पांढरा शर्ट घालून आले होते.

"ती खोली माजी हाय. मी बांधली, गरजेपोटी. नोटीस आली तं माजे नावान येऊ दे."

ते अजून उभेच होते. तोंड उघडलं, मिटलं, आणि मग घाईघाईने म्हणाले, "आनि सुनंदाची चूल येगळी हाय. सहा वर्सा जाली. आमचे घरान तिची चूल नाय. तिला घर नाय."

ते खाली बसले आणि समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत राहिले. मथुराबाईंनी शेजारी बसलेल्या सुनंदाच्या पाठीवर हात ठेवला. मी पेन्सिलची नोंद पेनने पक्की केली.

नंतर ज्यांची नावं लागली त्यांनी एकेक करून अर्जावर सह्या केल्या. सुनंदा आली. दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून तिने सही करण्याआधी अर्ज वाचला, जे बाकी कुणीच केलं नव्हतं. शेवटी छापलेलं होतं, "माझे कोठेही घर नाही." तिने पेन परत माझ्या हातात दिलं.

"मॅडम, यो खोटा हाय."

मला वाटलं तिला खोलीविषयी म्हणायचंय. मी समजावू लागले, पण ती बाळारामांकडे बघत होती. ते जवळच उभे होते.

"दादा, तुमचा घर हाय ना. मी कसा लिवू?"

"कर सही," ते म्हणाले.

"सगल्यांसमोर येगळी काढलीत मना."

"हां, काढली. घर हाय म्हनून तं काढली." त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "कर सही, बाय. मग घरा ये. वयनीनं (वहिनीने) भाकऱ्या केल्यात."

तिने डोळे पुसले, सही केली आणि तारीख विचारून तीही घातली.

पनवेलच्या बाजारातून सुकट घेतली. परतीच्या गाडीत डब्यातल्या सगळ्यांना माझ्या पिशवीत काय आहे ते कळलं आणि एका काकांनी आपली बॅग चार बाकं पलीकडे नेली. त्या घरांचं पुढे काय होईल हे मला माहीत नाही. यादी पाठवायची, तिथे माझं काम संपतं. मी कधी मागे वळून विचारत नाही, आणि या वेळी विचारेन असंही नाही. पण इतकी वर्षं मला वाटत होतं की यादीत नाव लागलं म्हणजे माणसाला काहीतरी मिळालं. त्यासाठी आधी काही सोडावं लागत असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी अर्ज काढून बसले. प्रत्येक अर्जाच्या तळाशी पाहणी करणाऱ्याची सही लागते, "वरील मजकूर खरा असल्याची मी खात्री केली आहे." भराभर सह्या करत गेले आणि सुनंदाच्या अर्जाशी थांबले. बहीण सुकट निवडत समोर बसली होती.

"काय झालं गं?"

"ही बाई म्हणते, तिला घर आहे. आणि तिचे थोरले दीर म्हणतात, नाही."

"मग खोटं कोण बोलतंय?"

"कुणीच नाही," मी म्हणाले आणि सही केली.