काविळीचा कौल

चारचौघांत मी नवऱ्याला 'अहो' म्हणते. इथे 'तो'च म्हणणार. संप फिसकटला, गिरणी बंद पडली, तेव्हा तो रे रोडच्या लाकडाच्या वखारीत लागला आणि सोबत्यांच्या नादाने नको तिथे जाऊ लागला. आमचं लग्न त्यानंतरचं. एचआयव्ही त्याने आणला, मला दिला, आणि परळच्या आमच्या खोलीत सासूने कपबशी वेगळी केली ती माझी. लेकाची नाही. "ही इली आणि घरात पीडा इली," असं ती म्हणायची. तो तोंडासमोर पेपर धरून बसायचा.

पुढे सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळू लागल्या. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, जोडीने घ्या, एकमेकांना आठवण करा. आठवण कसली, पहाराच! माझ्या गोळ्या मी निमूट घ्यायचे, त्याच्यासमोर मात्र सकाळ-संध्याकाळ पाण्याचा पेला घेऊन उभं राहायचं. मध्येच सोडल्या तर पुढे लागू पडणार नाहीत, हे बाईंनी दोघांनाही बजावलं होतं. मी काही प्रेमापोटी उभी राहत नव्हते. तो गेला असता तर सासूने मला खोलीबाहेर काढलं असतं, वर नवऱ्याला खाल्लं म्हणून गावभर सांगितलं असतं.

शिमग्याला तो एकटाच गावी गेला. परत आला तो गोळ्यांची डबी तशीच भरलेली घेऊन.

"देवान उजवो कौल दिल्यान," म्हणाला. "आता गोळये बंद."

आमच्याकडे कोकणात अडलंनडलं देवाला विचारतात. गुरव पाषाणाला फुलाच्या कळ्या लावतो आणि सगळ्यांसमोर मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली की होकार.

सगळ्यांसमोर, मोठ्याने. माझ्या डोक्यात तिडीक गेली. या माणसाने आजाराचं नाव तिथे घेतलं असेल?

"गुरवाक काय सांगल्यात?"

तो डबी फळीवर ठेवायला वळला.

"काय सांगल्यात?"

"कावीळ."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं. "मगे काविळीचा औषद बंद कर! देवाशीय खोटा बोललंस? तू मेलंस तर तुझी आवस माकाच धरतली!"

सासू दारातच बसली होती. "माझ्या झिलाक मेलंस म्हणतंस?" म्हणून तीही तुटून पडली. मी म्हटलं, "इचारा तुमच्या झिलाक, रोग कोणी हाडलो." त्याने पेला घेतला, गोळी गिळली आणि मोरीत जाऊन चूळ भरत राहिला.

दवाखान्यात बाईंनी त्याला माझ्यासमोर झाडलं. नशिबाने औषध लागू पडत राहिलं. त्यानंतर त्याने गोळी चुकवली नाही, माझ्या तोंडाच्या भीतीने का होईना.

सासू गेली ती मला शिव्या देतच. रोग सुनेनेच आणला, हे तिने मरेपर्यंत धरून ठेवलं. तो तिच्या उशाशी बसला होता. ठणठणीत.