पळालो म्हणजे चोरच?

मंडळी, आज सकाळी पार्सेच्या हॉटेलात उंडो-भाजी, म्हणजे आमचा गोल पाव आणि भाजी, खाताना जे ऐकलं ते सांगतो.

सगळ्यांच्या मोबाईलवर एकच व्हिडिओ. कुठल्याशा शहरात पोलिसांनी गाडी तपासायला हात दाखवला, चालक न थांबता निघाला आणि पोलिसाने मागून गोळी घातली. माणूस जागीच गेला. त्याने कुणाच्या अंगावर गाडीही घातली नव्हती.

आमच्या वाड्यावरचे दत्तारामभाई चहा फुंकत म्हणाले, “बरां केल्यान! थांबूक काय झालां तेका? पळालो म्हणजे चोरच.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर गोळी लागतानाचा भाग पुन्हा लावला. भाजी खाता खाता!

मी विचारलं, “भाई, मघाशी तुमका लाईट कोणी मारली?”

अर्ध्या तासापूर्वीची गोष्ट. मी ओलांडून आलेल्या वळणावर पोलीस उभे होते, म्हणून समोरून येणाऱ्या भाईंना मी गाडीची लाईट मारून सावध केलं. आपल्याकडे सगळेच मारतात. भाईंच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे स्कूटर वळवली आणि आतल्या रस्त्याने पळ काढला.

भाई हसले. “अरे, आमचां वेगळां. आमी काय चोर?”

“आणि तो?”

भाईंनी आणखी एक उंडो मागवला.

त्या पोलिसाची किळस आलीच, पण आमची जास्त आली.

उद्या मी पुन्हा लाईट मारणार, भाई पुन्हा वळणार. वळलेल्या भाईंच्या पाठीत गोळी घातली, तर “बरां केल्यान” म्हणाल का?